एना, एंडा, एन्य: एकाच आयरिश नावाची माणसं आणि शाळा वेगळ्या कशा ओळखायच्या

प्रश्न थोडक्यात असा: 'मराठी ज्ञानकोशासाठी "एंडा" या आयरिश नावाचं निःसंदिग्धीकरण पान (एकाच नावाच्या वेगवेगळ्या नोंदींची यादी देणारं पान) करायचं आहे. साधनांमध्ये चार-पाच स्पेलिंगं दिसतात, याच नावाच्या शाळा बऱ्याच निघतात आणि डब्लिनच्या रॅथफार्नम भागात तर दोन निघतात. यातलं एक काय, वेगळं काय, आणि देवनागरीत लिहायचं कसं?'

नाव एकच आहे. पण नाव एक म्हणून शाळांचं मूळ एक, असं समजू नका. या विषयातल्या बहुतेक चुका तिथेच होतात. एका शाळेचं स्थापनावर्ष दुसरीला चिकटतं, एका राजाचा मृत्यू दुसऱ्याच्या नावावर जातो. म्हणून प्रत्येक नोंद तीन गोष्टींवर पक्की करा: काळ, गाव, आणि त्या माणसानं किंवा संस्थेनं स्वतः वापरलेलं नावाचं रूप. तिन्ही जुळल्याशिवाय दोन नोंदी एकत्र करू नका.

आधी रूपं पाहू. आजच्या आयरिशमध्ये हे नाव ई-ए-एन-एन-ए असं लिहितात आणि पहिल्या ईवर तिरकी रेघ देतात. या रेघेला 'फादा' म्हणतात, ती स्वर दीर्घ करते. इंग्रजी वळणाचं रूप ई-एन-डी-ए, म्हणजे एंडा. पश्चिम किनाऱ्यावरच्या गॉलवे आणि अरन बेटांच्या बाजूला ई-आय-एन-एन-ई किंवा ई-आय-एन-डी-ई अशी रूपं पाट्यांवर आजही दिसतात. लॅटिन संतचरित्रांत 'एंडेअस' भेटतो. जुन्या आयरिशमध्ये एन्ना आणि एंडा ही दोन्ही वळणं आहेत, त्यामुळे 'ड' इंग्रजांनी घुसवला असं लिहू नका. अर्थाबद्दल नावांच्या पुस्तकांत 'पक्ष्यासारखा' असं मिळतं, कारण आयरिशमध्ये 'एन' म्हणजे पक्षी. ते 'बहुधा' लावून एका ओळीत द्यावं, त्यावर परिच्छेद रचू नये.

उच्चारात सगळ्यात मोठी चूक पहिल्या दोन अक्षरांची होते. ई आणि ए शेजारी दिसले की मराठीत 'एआना' किंवा 'इयाना' लिहिलं जातं. आयरिशमध्ये तिथला ए उच्चारायचा नसतो. पुढचा न जाड, दंत्य आहे, एवढंच तो सांगतो. दोन एन असले तरी 'अन्न'मधल्यासारखा दुहेरी न नाही. मराठी 'ए' मुळातच दीर्घ असल्यामुळे 'एना' हे लेखन उच्चाराच्या सर्वांत जवळ जातं. ई-आय-एन-एन-ई या रूपातला न मात्र तालव्य आहे, म्हणून 'एन्य'. इंग्रजी रूपासाठी 'एंडा' योग्य, 'एन्डा' लिहायची गरज नाही. नियम सोपा ठेवा: माणूस ज्या रूपानं ओळखला जातो तेच शीर्षकात, बाकीची रूपं पहिल्या ओळीत.

आता ज्या नावांशी गल्लत होते ती. ई-डी-एन-ए, म्हणजे एडना, हे वेगळं स्त्रीनाव आहे. घाईत टंकताना अक्षरांची अदलाबदल होते, आणि शब्दतपासणी एंडाला 'सुधारून' एडना करते. कादंबरीकार एडना ओब्रायन (1930–2024) या पानावर येता कामा नयेत. दुसरं नाव एथ्ने. हेही स्त्रीनावच, आणि त्याचं इंग्रजीकरण कधी कधी एडना असं होतं. त्याच एथ्नेचं उच्चारानुसारी लेखन म्हणजे डोनेगालच्या गायिकेचं 'एन्या'. कानाला एन्य आणि एन्या जवळजवळ सारखे वाटतात, म्हणून नुसत्या ध्वनिफितीवरून नोंद करू नये. शोधयंत्रात इंग्रजी चार अक्षरं टाकली की अमेरिकेतल्या रोजगार-भेदभावविरोधी विधेयकाचं संक्षिप्त नावही समोर येतं. ते टाळायला शोधताना सोबत गावाचं किंवा काउंटीचं नाव द्या.

जुन्या काळातल्या एनांपैकी चौघं वारंवार एकमेकांत मिसळली जातात. पहिला एना केनशेलख, पूर्व आयर्लंडमधल्या लेन्स्टर प्रांताच्या उइ केनशेलिग राजघराण्याचा मूळपुरुष, पाचव्या शतकाच्या आसपासचा. दुसरा राजा नियालचा मुलगा एना. त्याच्या वंशजांच्या गटाचं नाव डोनेगालच्या इतिहासात येतं, आणि तिथे नावाआधी एक छोटा 'एन' जोडलेला दिसतो. तो व्याकरणामुळे आलेला आहे, नावाचा भाग नाही, म्हणून 'नेना' असं नवं नाव तयार करू नका. तिसरा लेन्स्टरचा राजा एना मॅक मरखदा, मृत्यू 1126. चौथा लेन्स्टरचाच राजा डिअरमिड मॅकमरो याचा मुलगा, ज्याला पूर्वजाच्या नावावरून पुन्हा एना केनशेलखच म्हटलं गेलं. 1168 मध्ये ऑसरीच्या राजानं त्याचे डोळे काढले. म्हणजे पहिला आणि चौथा यांचं नाव, टोपणनाव आणि घराणंही तेच, पण मध्ये सातशे वर्षं. इथे शतक लिहिल्याशिवाय ओळ पुरी होत नाही.

संत एना हा या सगळ्या शाळांच्या नावामागचा माणूस. परंपरा सांगते की तो उत्तरेकडच्या ऑरिएलचा योद्धा-राजा होता, बहीण फँचिया हिच्या सांगण्यावरून त्यानं शस्त्र खाली ठेवलं आणि गॉलवेच्या उपसागरातल्या अरन बेटांपैकी इनिश मोरवर मठ उभा केला. मृत्यू इ.स. 530च्या सुमारास, स्मरणदिन 21 मार्च. त्या मठाची जागा म्हणजे बेटावरचं किलेनी हे गाव. आयरिश नाव 'किल एन्य', म्हणजे एन्यचं देऊळ. जवळच तेग्लख एन्य नावाचं छोटं दगडी चर्च आहे आणि त्याची कबर तिथेच असल्याचं मानतात. कथा आणि नोंद यांची सरमिसळ करू नका. मठ, गाव, स्मरणदिन यांना आधार आहे. राजेपण आणि बहिणीशी झालेला संवाद चरित्रकथेतून आला आहे, तिथे 'परंपरेनुसार' हा शब्द हवाच.

पण विसाव्या शतकात हे नाव डब्लिनमध्ये इतकं पसरलं ते मुख्यतः एका शाळेमुळे, आणि तिच्यावर थोडा वेळ घालवायला हवा. आयरिश शिक्षक आणि क्रांतिकारक पॅट्रिक पिअर्सनं 8 सप्टेंबर 1908 रोजी डब्लिनच्या रॅनेला भागातल्या कलन्सवुड हाउसमध्ये मुलांसाठी द्विभाषिक शाळा सुरू केली: आयरिश आणि इंग्रजी, दोन्हींतून शिक्षण. नाव दिलं 'स्कल एना', इंग्रजीत सेंट एंडाज. योद्धेपण सोडून शिकवायला बेटावर गेलेला संत त्याला आपल्या कामासाठी योग्य वाटला. 1910 मध्ये मुलांची शाळा रॅथफार्नमच्या हर्मिटेज या मोठ्या वास्तूत गेली आणि रिकाम्या झालेल्या कलन्सवुडमध्ये 'स्कल ईडे' ही मुलींची शाळा निघाली. ती 1912 मध्ये बंद पडली. म्हणजे एकाच इमारतीत दोन वर्षांच्या अंतरानं दोन वेगळ्या संतांच्या नावांच्या दोन शाळा झाल्या. जुन्या पत्रव्यवहारात नुसतं 'कलन्सवुडची शाळा' असं आलं तर आधी तारीख बघायची.

ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या 1916च्या ईस्टर उठावानंतर पिअर्स (3 मे), शिक्षक टॉमस मॅकडोना (3 मे), पिअर्सचा भाऊ आणि कलाशिक्षक विली (4 मे) आणि कवायत शिकवणारा कॉन कोलबर्ट (8 मे) यांना गोळ्या घालण्यात आल्या. एवढं होऊनही शाळा तिथे संपली नाही. पिअर्सच्या आईनं आणि बहिणींनी ती पुन्हा उभी केली, काही काळ परत कलन्सवुडमध्ये आणि मग हर्मिटेजमध्ये, आणि 1935 मध्ये ती बंद झाली. 'शाळा 1916 मध्ये बंद पडली' हे वाक्य बऱ्याच ठिकाणी सापडतं. ते चुकीचं आहे, आणि त्यामुळे नंतरच्या 19 वर्षांत तिथे शिकलेले विद्यार्थी दुसऱ्याच कुठल्या तरी शाळेच्या नावावर टाकले जातात. हर्मिटेजमध्ये आज पिअर्स संग्रहालय आहे आणि भोवतालच्या बागेला सेंट एंडाज पार्क म्हणतात.

या शाळेचा भारताशी एक थेट धागा आहे, तो नोंदीत एका वाक्यात यायला हरकत नाही. 17 मे 1913 रोजी डब्लिनच्या ॲबी नाट्यगृहात शाळेच्या मदतीसाठी प्रयोग झाला. त्यात पिअर्सच्या आयरिश नाटुकल्याबरोबर रवींद्रनाथांचं 'डाकघर' इंग्रजीतून सादर झालं. रवींद्रनाथांना नोबेल मिळालं त्याच्या सहा महिने आधीची ही गोष्ट.

आता तुमच्या रॅथफार्नमच्या दोन शाळांकडे वळू. समजा, एखाद्या माणसाच्या चरित्रात एवढीच ओळ आहे: 'शिक्षण सेंट एंडाज, रॅथफार्नम.' ही ओळ तशीच मराठीत आणू नका. माणसाचा जन्म 1895 ते 1920 दरम्यानचा असेल तर ती पिअर्सची शाळा. जन्म 1950 नंतरचा असेल तर ती असूच शकत नाही, कारण ती 1935 मध्येच संपली. मग ती बॅलीरोन भागातलं 'कोलाश्ते एना' असण्याची शक्यता मोठी. ही ख्रिश्चन ब्रदर्स या कॅथलिक धर्मसंघानं 1960च्या दशकात काढलेली मुलांची माध्यमिक शाळा रॅथफार्नम परिसरातच आहे आणि आजही चालू आहे. दोघींमध्ये संस्था, व्यवस्थापन, इमारत यातलं काहीही सामायिक नाही. नाव आणि परिसर सामायिक आहे. गोंधळात भर म्हणून 1969 मध्ये याच भागात दोन क्लब एकत्र होऊन 'बॅलीबोडेन सेंट एंडाज' हा गेलिक (पारंपरिक आयरिश) खेळांचा क्लब झाला. खेळाडूच्या चरित्रात 'सेंट एंडाजकडून खेळला' असेल तर तो क्लब असतो, शाळा नव्हे. टिरोनमधल्या ओमा गावात आणि बेलफास्टजवळच्या ग्लेनगॉर्मलीतही याच नावाचे क्लब आहेत, म्हणून क्लबाबरोबर गाव अनिवार्य.

गॉलवेकडच्या शाळांची कथा वेगळी आहे. तिथे नाव पिअर्सकडून आलं असं गृहीत धरायचं कारण नाही. संताचं बेट समोरच आहे, नाव त्या भागाचं घरचंच आहे. गॉलवे शहराच्या सॉल्टहिल भागात, थ्रेडनीडल रोडवर, ई-आय-एन-डी-ई असं लिहिलेलं 'कोलाश्ते' आहे. 1920च्या दशकाच्या अखेरीस ते आयरिशमधून शिकवणारं, भावी प्राथमिक शिक्षक घडवणारं पूर्वतयारी महाविद्यालय म्हणून सुरू झालं, आता माध्यमिक शाळा आहे. त्यामुळे जुन्या नोंदींत त्याला 'महाविद्यालय' म्हटलेलं सापडलं तरी विद्यापीठ पातळीचं समजू नका. स्पिडलमध्ये 'स्कल एन्य' ही प्राथमिक शाळा, आणि खुद्द इनिश मोरवरही याच संताच्या नावाची माध्यमिक शाळा. डब्लिनच्या शाळा 'एना' लिहितात, गॉलवेच्या 'एन्य'. पाटीवरचं रूप पाहिलं की निम्मा प्रश्न सुटतो. म्हणून 'एकसारखेपणासाठी' सगळ्यांना एकच रूप लावणं हा या कामातला सगळ्यात महागात पडणारा उत्साह.

शाळेच्या नावातला पहिला शब्द नीट वाचला तर शाळेची जात कळते. 'स्कल' म्हणजे शाळा, बहुतेक वेळा प्राथमिक, पण पिअर्सच्या शाळेसारखे अपवाद आहेत. 'बुनस्कल' प्राथमिकच. 'गेलस्कल' म्हणजे आयरिश माध्यमाची, सहसा प्राथमिक. ग्लेनगॉर्मलीत गेलस्कल एना आहे आणि ती उत्तर आयर्लंडमध्ये येते, प्रजासत्ताकात नाही. 'गॅरिमस्कल' मूळची व्यवसाय शिक्षणाची. 'कोलाश्ते' हा शब्द माध्यमिक शाळेलाही लागतो, म्हणून 'कॉलेज' असं भाषांतर केलं की मराठी वाचक बारावीनंतरचं काहीतरी समजतो. 'माध्यमिक शाळा' असं सरळ लिहा. नावाआधी 'नीव' आला तर तो 'संत'. भाषांतरात तो दोनदा येऊ देऊ नका.

आयरिशमध्ये शाळेच्या नावात आलेलं संतनाव षष्ठीत जातं आणि पुष्कळदा त्याचं पहिलं व्यंजन बदलतं. मेरीचं 'मुइरे' शाळेच्या पाटीवर एम-एच घेऊन 'वुइरे'सारखं ऐकू येतं, ब्रिजिडचं 'ब्रीड' बी-एच घेतं. आपलं नाव स्वरानं सुरू होतं आणि षष्ठीतही तसंच राहतं, ही मोठी सोय आहे. मूळ नाव शोधण्यासाठी पाटीवरून मागे जावं लागत नाही. जुन्या कागदपत्रांत मात्र दोन अडचणी येतात. एक, 'स्कल' हा शब्द पिअर्सच्या काळात सीऐवजी जीनं लिहिला जाई, त्यामुळे आजच्या स्पेलिंगनं शोधलं तर त्या वेळचे अंक आणि पत्रकं हाती लागत नाहीत. दोन, फादा. संगणकावर तो कधी अक्षरासकट एकसंध असतो, कधी साधा ई आणि वेगळं चिन्ह असा जोडलेला. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण शोधात जुळत नाही. म्हणून पुनर्निर्देशन पानं (वाचकाला मूळ पानावर नेणारी) करताना फादासह, फादाविना आणि इंग्रजी रूप अशी तिन्ही करा.

एवढं करूनही दोन शाळा वेगळ्या होत नसतील तर क्रमांक वापरा. आयर्लंड प्रजासत्ताकात शिक्षण खात्याची मान्यता असलेल्या प्रत्येक शाळेला रोल नंबर असतो: पाच अंक आणि शेवटी एक इंग्रजी अक्षर. खात्याच्या याद्यांत शाळेचं अधिकृत नाव, पत्ता आणि हा क्रमांक एकत्र मिळतो. उत्तर आयर्लंडची पद्धत वेगळी आहे, तिथे सात अंकी संदर्भ क्रमांक असतो. तीन अंक, आडवी रेघ, चार अंक. क्रमांकाचा नुसता आकार पाहूनच शाळा सीमेच्या कुठल्या बाजूला आहे ते कळतं. शाळा विलीन झाली की बहुधा नाव आणि क्रमांक बदलतात, तेव्हा जुनी नोंद पुसू नका, वर्षासह तशीच ठेवा.

माणसांच्या नोंदींत मराठीपुढे एक प्रश्न येतो जो इंग्रजीला पडतच नाही: तो की ती? 'एंडा यांनी' म्हणून निभावता येतं, पण 'लेखक की लेखिका', 'जन्मला की जन्मली' इथे अडतं. नाव प्रामुख्यानं पुरुषांचं आहे, तरी स्त्रियांनाही असतं. जीवशास्त्रज्ञ आणि आयरिश रेडिओवर निसर्गाबद्दल बोलणाऱ्या एना नी लाव्ना या स्त्री आहेत. शेवट 'आ'कारान्त दिसतो म्हणून स्त्रीलिंगी करायची आपली सवय इथे चुकीच्या वाटेला नेते, आणि नाव पुरुषाचं म्हणून सरसकट पुल्लिंगी केलं तर ती चूक होते. आडनाव आयरिशमध्ये असेल तर उत्तर तिथेच असतं: 'ओ' किंवा 'मॅक' पुरुषाचं, 'नी' किंवा 'निक' मुलीचं जन्मानं आलेलं, 'ई' किंवा 'विक' लग्नानंतरचं. आडनाव इंग्रजी असेल तर ही खूण मिळत नाही, मग छायाचित्र किंवा सर्वनाम असलेला मजकूर शोधल्याशिवाय क्रियापद लिहू नका. कॅथलिक नन पुरुष संताचं नाव धारण करत अशी प्रथा होती, त्यामुळे 'सिस्टर एंडा' दिसलं तर ते धर्मनाव असतं, जन्मनाव वेगळंच असतं.

मराठी वाचकाला यातलं एक नाव आधीच भेटलेलं असतं. 14 जून 2017 रोजी एंडा केनी पंतप्रधानपदावरून पायउतार झाले आणि त्यांच्या जागी लिओ वराडकर आले, ज्यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. त्या आठवड्यात मराठी वर्तमानपत्रांनी वराडकरांबरोबर केनींचं नावही छापलं. 'एंडा केनी' हे लेखन रूढ आहे, ते बदलू नये. त्यांचं नाव आयरिशमध्ये एना असं लिहिलं जातं म्हणून मराठी शीर्षक 'एना केनी' करणं चुकीचं.

ओळी कशा असाव्यात त्याचा नमुना. एका ओळीत एकच दुवा, आणि ओळखीसाठी जेवढं लागतं तेवढंच:

संत एना (एंडा, एन्य): इनिश मोरवरील मठाचा संस्थापक, मृत्यू सु. 530.
एना मॅक मरखदा: लेन्स्टरचा राजा, मृत्यू 1126.
एंडा मॅकडोना (1930–2021): धर्मशास्त्रज्ञ, मेनूथ येथील प्राध्यापक.
एंडा कोलरन (मृत्यू 2004): गॉलवेचा गेलिक फुटबॉलपटू, 1965 आणि 1966 च्या विजेत्या संघांचा कर्णधार.
एंडा केनी (जन्म 1951): आयर्लंडचे पंतप्रधान, 2011–2017.
एंडा वॉल्श (जन्म 1967): नाटककार.
एना नी लाव्ना: जीवशास्त्रज्ञ, निवेदिका.
स्कल एना (सेंट एंडाज): पिअर्सची शाळा, रॅनेला, नंतर रॅथफार्नम, 1908–1935.
कोलाश्ते एना: माध्यमिक शाळा, बॅलीरोन, डब्लिन.
कोलाश्ते एन्य: माध्यमिक शाळा, सॉल्टहिल, गॉलवे.

शेवटच्या ओळीत एक तडजोड आहे. पाटीवर ई-आय-एन-डी-ई असल्यामुळे अक्षरशः 'एंद्य' होईल, पण मराठीत ते वाचवत नाही आणि 'एन्य' हे त्याच संताचं त्याच भागातलं रूप आहे. शीर्षकात 'एन्य' ठेवून मूळ स्पेलिंग पहिल्या वाक्यात द्यावं. पानाच्या तळाशी 'हेही पाहा' करून फक्त तीन नावं ठेवा: एडना, एथ्ने, एन्या. गेलिक क्लब आणि 1958 ते 1988 दरम्यान गॉलवे–अरन फेऱ्या करणारी 'नीव एना' ही बोट यांच्यासाठी 'इतर' असा वेगळा गट करा, शाळांच्या गटात त्यांना जागा नको.